ऑक्टापॅड कुठल्या रकान्यात लिहायचा?

दरवर्षी गणपतीच्या आसपास वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. गावाचं नाव आणि पोलिस अधिकाऱ्याचं नाव बदलतं, गाभा तोच राहतो: मिरवणुकीत डीजेला परवानगी नाही, पारंपरिक वाद्यांना आहे. तुम्ही पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर ही बातमी जरा थांबून वाचा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकावर 'डीजे' लिहा, दुसऱ्यावर 'पारंपरिक वाद्यं'. ढोल, ताशा, हलगी, सनई हे सगळं पटापट दुसऱ्या रकान्यात जातं. लॅपटॉप, मिक्सर, ॲम्प्लिफायर, स्पीकर पहिल्यात. आता ऑक्टापॅड कुठे लिहाल?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्टापॅड म्हणजे एका चपट्या पेटीवर बसवलेले आठ रबरी चौकोन. काठीने त्यावर मारलं की आतली चिप त्या-त्या चौकोनाला नेमून दिलेला आवाज बाहेर पाठवते. कुठे ढोलकीचा, कुठे टाळीचा, कुठे मोठ्या बास ड्रमचा. स्पीकर नसेल तर ऐकू येते ती फक्त रबरावरची टपटप. म्हणजे विजेवर चालणारं यंत्रच. पण ते वाजवणारा माणूस बऱ्याचदा ढोलकी किंवा ताशावर हात बसलेला असतो, आणि तो हात यंत्रात नाही.

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं पान याच प्रश्नावर अडलं होतं. विषय होता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या हळदीत आणि मिरवणुकीत लॅपटॉपच्या जोडीने वाजणारी ड्रम यंत्रं. शीर्षकात मी बिनधास्त 'डीजे' लिहून टाकलं होतं. गाईडनी काही न बोलता त्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला. पुढचे काही महिने मी त्या गोलातच फिरत होतो.

आधी शब्द तपासा

इंग्रजीत डीजे म्हणजे माणूस, डिस्क जॉकी. आपल्याकडे डीजे 'लावतात', 'आणतात', 'बंद करतात'. ट्रक, जनरेटर, स्पीकरची भिंत आणि लाइटी, हे सगळं मिळून डीजे. त्यामागे उभा राहून गाणी लावणारा तो 'डीजेवाला' नाहीतर 'ऑपरेटर'. कोल्हापूर-साताऱ्याकडे गेलात तर याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी ही १९६५ साली रे डॉल्बी यांनी काढलेली कंपनी. तिचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे! आवाज स्वच्छ करणाऱ्या कंपनीचं नाव आपण कानठळ्या बसवणाऱ्या भिंतीला दिलं.

'बेंजो'ची गोष्ट तर आणखी गमतीची. बेंजो पार्टीतलं मुख्य वाद्य अमेरिकेतल्या बँजोशी नातं सांगत नाही. ते मुळात जपानी ताइशोगोतो. १९१२ साली नागोयामध्ये गोरो मोरिता यांनी ते बनवलं, टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारा छेडायच्या. भारतात त्याचं बुलबुलतरंग झालं, मग त्याला विजेचा पिकअप लागला, आणि कोकणपट्टीत, मुंबईत, ठाण्यात ते बेंजो म्हणून रस्त्यावर आलं. आज कुणी त्याला परदेशी म्हणणार नाही. कितीतरी मंडळांच्या लेखी ते 'पारंपरिक'च आहे.

आणि ऑक्टापॅड हे तर एका कंपनीच्या मालाचं नाव. जपानच्या रोलंड कंपनीने १९८५ साली 'पॅड-८' या यंत्राला ते दिलं. आपण ते सरसकट सगळ्यांना लावतो. यामाहाच्या १२ चौकोनांच्या यंत्रालाही लोक ऑक्टापॅडच म्हणतात. 'ऑक्टा' म्हणजे आठ, पण त्याचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणून सांगतो, जुन्या बातम्यांच्या डिजिटल साठ्यात 'डीजे' शब्द शोधून, वर्षागणिक मोजून आलेख काढायचा मोह आवरा. मी काढला होता. छान चढता आलेख आला. पण त्यात काय मोजलं गेलं होतं? कुठे माणूस, कुठे ट्रक, कुठे नुसता मोठा आवाज.

पहिला कोण, हा प्रश्न बाजूला ठेवा

ड्रम मशीनचा इतिहास वाचायला घेतलात की पहिल्याच पानावर रोलंड टीआर-८०८ भेटतं. १९८० ते १९८३ एवढाच काळ ते बनलं, सुमारे १२,००० नग. त्यात वाजवायचं काही नव्हतं, रचायचं होतं. खाली १६ बटणांची ओळ, एका मात्रेचे चार भाग धरले तर चार मात्रांचं एक आवर्तन. जिथे ठोका हवा ते बटण दाबून ठेवायचं, यंत्र चालू केलं की ते आवर्तन न थकता फिरत राहतं. बाजारात ते फारसं चाललं नाही, कारण त्याचे ड्रम खऱ्या ड्रमसारखे वाटत नव्हते. मग जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती लागलं. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल.

या कथेत एक मुंबईचं पान आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी सिंगापूरहून आणलेली रोलंडची तीन यंत्रं (टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८) घेऊन १९८२ साली 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. एचएमव्हीने ती काढली, खपली नाही, विसरली गेली. २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि जगभर चर्चा सुरू झाली की शिकागोत १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स'मधून जो आवाज आला तो मुंबईत पाच वर्षं आधीच निघाला होता. उतारवयात सिंग यांनी युरोपात जाऊन ही यंत्रं रंगमंचावर वाजवली. २०१५ साली ते गेले.

गोष्ट खरी आणि सुंदर आहे. पण संशोधक म्हणून तिच्याकडे पाहताना मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात: आधी असणं, आणि पुढच्यांवर परिणाम करणं. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून आपलं संगीत केलं नाही, आणि उल्हासनगरच्या ऑपरेटरनेही नाही. तंत्रज्ञानाचे इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे पुस्तक नक्की वाचा. त्यांचा आग्रह असा की इतिहास शोधाच्या तारखांवर लिहू नका, वापरावर लिहा. कुठली वस्तू किती लोकांच्या हातात, किती वर्षं, कशासाठी राहिली? हा प्रश्न विचारला की आपल्याकडे ८०८ जवळजवळ दिसेनासं होतं आणि ऑक्टापॅड पुढे येतो.

काठीने वाजणारं ड्रम मशीन

असं का झालं? आधी किमतीचा आणि आयातीचा भाग सांगून टाकतो. १९९१ पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वाद्य आणायचं म्हणजे परवाने, भरमसाट जकात, नाहीतर गल्फ-सिंगापूरहून येणारं कुणी ओळखीचं. हे सगळ्याच यंत्रांना लागू होतं, त्यामुळे ऑक्टापॅडच का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

उत्तर हातात आहे, असं मला वाटतं. ८०८ समोर बसणारा माणूस तालाचं चित्र काढतो. ऑक्टापॅडसमोर उभा राहणारा ताल वाजवतो. ज्याने दहा वर्षं ताशावर काढली आहेत त्याला १६ बटणं देणं म्हणजे पोहणाऱ्याला नकाशा देण्यासारखं. त्याला आठ रबरी चौकोन द्या, तो अर्ध्या तासात काहीतरी करून दाखवेल. चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात हे आधी घडलं. तुंबा, बोंगो, डफ, खंजिरी, घुंगरू अशी साइड रिदमची माणसं लागत, त्यांतली बरीच कामं एका पेटीवर आली. एका स्टँडवर सगळा ताफा. आयोजकाला हे परवडणारं होतं, आणि ज्यांची कामं गेली त्यांना नव्हतं. आज 'लॅपटॉपने ऑक्टापॅडवाल्याच्या पोटावर पाय दिला' ही तक्रार ऐकताना हेही आठवा की ऑक्टापॅडने त्याआधी कुणाच्या तरी पोटावर पाय दिला होता.

गंमत म्हणजे पहिल्या पॅड-८ मध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त मिडी संदेश पाठवायचा: अमुक चौकोनावर, इतक्या जोराने मार बसला. आवाज काढायला दुसरं यंत्र जोडावं लागे. मिडी ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ पासूनची. तिच्या मागे रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ होते. पुढच्या ऑक्टापॅडमध्ये आवाज आतच आले. १९९८ चं एसपीडी-२० भारतात इतकं रुजलं की जगात इतरत्र ते जुनं झाल्यावरही इथे त्याची मागणी टिकली. त्यात तबल्याचे आवाज होते, पण आपल्याला हवी तशी ढोलकी नव्हती. मग आवाजांची घनता, सूर, लांबी बदलून, दोन आवाज एकावर एक चढवून 'देशी' पॅच बनवणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. एसपीडी-२० मध्ये बाहेरचा आवाज भरता येत नाही, म्हणून हातातल्या आवाजांनाच पिळून ढोलकी काढायची. नंतरच्या एसपीडी-एसएक्समध्ये खऱ्या ढोलकीचा, संबळाचा नमुना भरता येऊ लागला आणि पॅचवाल्यांचं कसब थोडं स्वस्त झालं.

हे पॅच बनवणं कुठल्याही पुस्तकात नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात न लिहिला गेलेला भाग हाच आहे. कुणाला विषय हवा असेल तर खुशाल घ्या.

कल्याणच्या पुढे

आता पट्ट्याबद्दल. अंबरनाथ म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १०६० सालचं शिवमंदिर आठवतं आणि तो तिथेच थांबतो. मी स्टेशनच्या बाहेर थांबलो.

कल्याणनंतर कर्जतच्या बाजूला विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ओळीने स्टेशनं लागतात. लोकलने वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, पण तीन वेगळे इतिहास शेजारी शेजारी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळालं. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून तेच सांगतात. व्यापार, दुरुस्ती, जोडजाड ही या शहराची ओळख. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. (इथल्या 'जपानी मार्केट'मध्ये मी पहिल्यांदा यंत्रं शोधायला गेलो होतो. तिथे कापड मिळतं.) अंबरनाथ हे कारखान्यांचं गाव: आगपेट्यांचा विमको, आयुध निर्माणी, १९५३ ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, नंतर एमआयडीसी. बदलापूर बरंच उशिरा फुगलं, मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी ते भरलं. आणि या तिन्हींच्या भोवती, मधे, कधी इमारतींच्या मागे, आगरी आणि आदिवासी गावं-पाडे आहेत.

यामुळे एकाच वर्षात एकाच यंत्राला किती तऱ्हेची कामं मिळतात ते बघा. सिंधी चेटीचंडची मिरवणूक, ज्यात छेज नाचायला ढोल आणि शहनाई लागते. १४ एप्रिलला भीमजयंती. दहीहंडी, गणपती, नवरात्र. आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आगरी लग्नाची हळद. पूर्वी या लग्नात धवलारीण धवले गायची, अजूनही काही घरांत गाते. रात्री मात्र मांडवासमोर बेंजो, किंवा डीजे, किंवा दोन्ही. एकच ऑक्टापॅडवाला एप्रिलमध्ये जयंतीला, मेमध्ये हळदीला आणि सप्टेंबरात गणपतीला उभा असतो. जातीनिहाय संगीताचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कॅलेंडर एकदा समोर ठेवावं. गाणी वेगळी, काठ्या त्याच.

घड्याळ कोणाचं?

आता मूळ मुद्द्यावर येतो. डीजे आणि ड्रम मशीन एकत्र वाजवायचं तर दोघांचा वेग जुळायला हवा. शिकागोत फ्रँकी नकल्स तबकड्यांच्या जोडीला टीआर-९०९ वाजवायचे. डेट्रॉइटचे जेफ मिल्स तर त्यासाठीच प्रसिद्ध झाले. तिथे यंत्र आपल्या ठरलेल्या वेगाने फिरत राहतं, आणि डीजे तबकडीचा वेग बोटाने मागेपुढे करत तिला यंत्राशी जुळवतो. घड्याळ यंत्राकडे. पुढे लॅपटॉप आले तेव्हा हे काम वायरीवर गेलं. मिडीमध्ये एका ठोक्याला २४ टिकटिक जातात, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात सेकंदाला ४८. सॉफ्टवेअर टिकटिक पाठवतं, ड्रम मशीन तिच्या मागे चालतं. २०१६ मध्ये एबलटन लिंक आल्यावर तर वायरही उरली नाही.

हे आपल्या हळदीत लावून बघा. लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे आहे. ते प्रत्येक गाण्यावर ठोक्यांची जाळी आखतं, तिला बीटग्रिड म्हणतात. ही जाळी चार-चार मात्रांची घरं धरून चालते. डिस्को, हाउस, रिमिक्स यांत अडचण नाही. पण कोळीगीताची चाल सहाची आहे. एका झुल्यात तीन छोटे ठोके. समजा मिनिटाला १०० झुले आहेत. छोटे ठोके झाले ३००. सॉफ्टवेअरने दोन-दोनची जोडी धरली की ते सांगणार वेग १५०. मग ते १५० च्या दुसऱ्या गाण्याशी 'सिंक' करायला जाईल आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतील.

दुसरी अडचण जुन्या गाण्यांची. माणसांनी एकत्र बसून वाजवलेलं गाणं हळूहळू चढतं. समजा ते १०४ वर सुरू होऊन १०७ वर संपलं, म्हणजे सरासरी साडेएकशेपाच. जाळी १०४ चीच आखलेली असेल तर चार मिनिटांत सहा ठोक्यांचा फरक पडतो. जाळी हाताने दुरुस्त करता येते, पण एकेका गाण्यासाठी बसायचं कुणी? पाव्हणे ऐनवेळी फर्माइश करतात.

यावर इथे निघालेला तोडगा म्हणजे माणूस. डीजेवाला गाणं लावतो, मिक्सरवर खालचा बास थोडा कापतो म्हणजे मूळ गाण्यातला किक मागे सरतो, आणि त्या रिकाम्या जागेत ऑक्टापॅडवाला आपला किक आणि ढोलकी भरतो. गाणं चढलं की तोही चढतो. दोन गाण्यांच्या मधे वेग बदलायचा तर तो आठ-सोळा ठोक्यांचा पूल बांधतो, आणि डीजेवाला कान देऊन त्या पुलावर पुढचं गाणं सोडतो. म्हणजे शिकागोच्या उलट. तिथे यंत्र स्थिर आणि माणूस तबकडी हलवतो, इथे गाणं आपल्या वेगाने जातं आणि 'ड्रम मशीन'च त्याच्या मागे धावतं, कारण ते मशीन माणसाच्या हातात आहे. पुलापुरता तर तोच घड्याळ होतो.

यात एक शरीराचा भागही आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकरची भिंत वादकापासून दहा मीटरवर असेल तर त्याला स्वतःचाच ठोका ०.०३ सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकून वाजवणाऱ्याला हा उशीर जाणवतो, तो नकळत मागे पडतो. म्हणून जाणता ऑक्टापॅडवाला पैशांच्या आधी आपल्या पायाशी छोटा मॉनिटर मागतो. फील्डवर्कला जाल तेव्हा मॉनिटर आहे का आणि तो कुणाकडे तोंड करून आहे, एवढं जरी टिपलंत तरी त्या रात्री कोण कुणाच्या मागे चाललं होतं ते कळेल.

कायद्याच्या भाषेत

पुन्हा त्या दोन रकान्यांकडे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी पक्की केली. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. २०१८ च्या गणपतीत ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, सरकारने विरोध केला, आणि विसर्जनाच्या दोन दिवस आधी न्यायालयाने दिलासा नाकारला.

आता नियमांचा मजकूर उघडून बघा. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत लाउडस्पीकरसोबत 'आवाज करणारं कोणतंही साधन' आणि 'वाद्य' हेही शब्द आहेत. म्हणजे नियमाला परंपरेशी देणंघेणं नाही, तो डेसिबल आणि घड्याळ बघतो. ढोलही त्यात येतो. 'डीजे विरुद्ध पारंपरिक' ही विभागणी मग आली कुठून? ती बरीचशी बंदोबस्ताच्या सोयीतून, शांतता समितीच्या बैठकांतून, बातम्यांच्या मथळ्यांतून आली आहे. डेसिबल मोजायला यंत्र आणि माणूस लागतो, ट्रक नजरेला दिसतो.

आवाजाचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली ही भिंत उभी राहिली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि सर्वांत जवळ उभे असतात ते डीजेवाला आणि ऑक्टापॅडवालाच. अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. हळद रात्रभराची असते.

पण तुमच्या प्रबंधासाठी प्रश्न असा: बंदीच्या रात्री ऑक्टापॅडवाल्याचं काय होतं? तो बेंजोच्या हातगाडीवर, लहान स्पीकरवर वाजवत असेल तर बहुधा 'पारंपरिक' म्हणून निघून जातो. तीच पेटी, तोच माणूस, त्याच काठ्या ट्रकवर असतील तर 'डीजे'. त्याची सुपारी कोणत्या शब्दात लिहिली गेली यावर त्याची त्या रात्रीची कमाई ठरते. म्हणून पावत्या आणि लग्नपत्रिका जपून वाचा, कारण तिथे शब्द बदलताना दिसतात. एकाच ग्रुपच्या एका पत्रिकेत 'डीजे', दुसरीत 'बेंजो पार्टी', तिसरीत नुसतं 'म्युझिकल ग्रुप'. ही चलाखी नोंदवताना जपा. तुमच्या परिशिष्टातला फोटो कुणाच्या अंगाशी येऊ नये. नावं, फोन नंबर झाका.

पुरावा कुठे मिळतो

अभिलेखागारात या विषयावर फार काही नाही. पोलिसांच्या परवानग्या माहितीच्या अधिकारात मागता येतात, पण त्यांत यंत्राचं नाव क्वचित असतं. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) आणि ग्रेगरी बूथ यांचं 'ब्रास बाजा' (२००५) ही दोन पुस्तकं पद्धत शिकण्यासाठी वाचा. एक कॅसेटच्या बाजाराबद्दल, दुसरं लग्नातल्या बँडवाल्यांबद्दल. दोन्हींत दुकान आणि मजुरी यांना गाण्याइतकीच जागा आहे.

मुलाखतीत 'ऑक्टापॅड कोणत्या साली घेतला?' असं विचारू नका. लोक अंदाजे साल सांगतात आणि ते पुढे तुमच्या तक्त्यात खरं होऊन बसतं. बदलापुरात विचारा, पुराच्या आधी की नंतर? २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटी कुठे ठेवली होती, हे ज्याच्याकडे पेटी होती त्याला पक्कं आठवतं. पेटी नव्हती, तर तेव्हा भाड्याने कुणाची आणायचे तेही आठवतं. मग २०१९ च्या जुलैतला पूर, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली तेव्हाचा. दोन पुरांच्या मधे कोणती खरेदी झाली, एवढं जरी जमलं तरी तुमची कालरेषा वर्तमानपत्रापेक्षा भरवशाची होईल.

आणि यंत्राचे फोटो मागून काढा. समोरून सगळे एसपीडी-२० सारखेच दिसतात. मागे अनुक्रमांक असतो, दुरुस्तीवाल्याने पेनने लिहिलेली खूण असते, बदललेला पॉवर सॉकेट असतो, आणि कोणत्या भोकांत वायर जाते ते दिसतं. आवाज बाहेर न्यायची दोन भोकं वापरून गुळगुळीत झालेली असतात. त्यांच्या शेजारी मिडीची गोल, पाच टाचण्यांची भोकं. लॅपटॉपशी यंत्राने बोलावं म्हणून केलेली. मी पाहिलेल्या बहुतेक पेट्यांत त्या भोकांत गुलाल आणि भंडारा साचून घट्ट बसला होता.